पावकी-निमकीचा झटपट हिशोब

६४ रुपये किलोची गवार पावणेदोन किलो घेतली तर किती झाले? १.७५ गुणिले ६४ मांडायला गेलं की दशांशचिन्हापासूनच घोळ सुरू होतो. भाजीवाली दोन किलोचे १२८ धरते, पाव किलोचे सोळा वजा करते आणि ११२ मागून मोकळी होते.

जुन्या शाळांत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकून घेत. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता, तोवर त्यांच्यावाचून बाजारात पान हलत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो-ग्रॅम आले आणि हे पाढे अडगळीत गेले. गंमत अशी, की शंभराच्या हिशोबातही ते चोख चालतात. ३६ गुणिले ७५? छत्तिसाची पाऊण सत्तावीस, पुढे दोन शून्यं: २७००. ८४ गुणिले १२५? चौऱ्याऐंशीत त्याचा पाव, एकवीस, मिळवा. १०५, म्हणजे १०,५००. १८ गुणिले ३५० ला औटकी: अठरा औट त्रेसष्ट, ६३००. आकडेमोड जवळजवळ झालीच नाही.

सगळेच आकडे असे गुणी नसतात. मग तोंडी हिशोब डावीकडून करावा. कागदावर आपण एककापासून निघतो, कारण हातचा लिहून ठेवता येतो. डोक्यात तोच हातचा सांभाळताना आधीचा आकडा निसटतो, वर उत्तरही उलटं हाती येतं. ४७ गुणिले ६३ मध्ये आधी साठपट घ्या, २८२०, मग तिप्पट, १४१, बेरीज २९६१. मोठा भाग आधी हाती आल्यामुळे चूक झालीच तरी ती लहान राहते.

आणि ‘वैदिक गणित’? भारती कृष्ण तीर्थ यांचं पुस्तक १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर आलं. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदांत सापडत नाहीत. युक्त्या मात्र खऱ्या, शाळेतल्या बीजगणितातून सिद्ध होणाऱ्या. ९७ गुणिले ९६: शंभराला तीन कमी, चार कमी. कमी एकूण सात, म्हणून ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. क्लासच्या जाहिरातीत नेहमी असलेच आकडे असतात. तीच युक्ती ६८ गुणिले ४३ ला लावा, ३२ गुणिले ५७ करत बसावं लागेल. त्यापेक्षा मूळ गुणाकार परवडला.