पोरं गेम किती खेळतात, हे विचारायचं कसं?



आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली-मुलं आता तालुक्याच्या कॉलेजात शिकतात. पदवीला त्यांना फील्ड प्रोजेक्ट असतो. एक विषय घ्यायचा, लोकांत जायचं, माहिती गोळा करायची आणि अहवाल लिहायचा. ऑनलाइन गेमिंग हा त्यातला आवडता विषय. मग एके दिवशी चार जण छापील फॉर्म घेऊन दारात येतात. ‘मावशी, तुमचा मुलगा गेम खेळतो का? किती तास?’ मावशी म्हणते, ‘छे गं, आमचा नाही तसला!’ फॉर्मवर टिक होते, पोरं पुढच्या घरी जातात. मावशीचा लेक तेव्हा गच्चीवर गेमच खेळत असतो.

अशा ५० फॉर्मांवरून अहवाल लिहिला की गावात सगळं आलबेल दिसतं. ज्या घरात खतासाठी ठेवलेले पैसे गेममध्ये गेले, ते घर त्या अहवालात येतच नाही. म्हणून आज बोलू या ते माहिती गोळा करण्याच्या पद्धतींबद्दल.

पेपरात वाचलेली किंवा मोबाइलवर शोधलेली माहिती ही दुय्यम. आपण स्वतः विचारून, बघून, मोजून मिळवतो ती प्राथमिक. आशाताई घरोघरी फिरून नोंदी करतात, ती प्राथमिक माहिती. प्रोजेक्टमध्ये खरी किंमत हिलाच असते. पण ती कशी मिळवायची, हे प्रश्नावर ठरतं. म्हणून आधी प्रश्न नीट ठरवायचा.

‘ऑनलाइन गेमिंगचे परिणाम’ हा विषय फार मोठा झाला. गेममध्येही प्रकार आहेत. आपण दुपारी लुडो खेळतो तोही गेमच! २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात तीन प्रकार मानले आहेत : स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे गेम आणि पैसे लावून खेळायचे गेम. पैशांचे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा आपण कोणत्या गेमबद्दल विचारतोय, हे मुलांनी आधी ठरवावं.

आता पद्धती पाहू.

‘किती जण खेळतात, किती वेळ?’ असं मोजायचं असेल तर प्रश्नावली घ्यावी. पण फक्त मित्रांकडून फॉर्म भरून घेतले तर ते मित्रांचं चित्र झालं, गावाचं नाही. घरांची यादी घ्यावी आणि दर पाचव्या घरी जावं, म्हणजे वाडी, वस्ती, गावठाण सगळं येतं. ‘रोज साधारण किती वेळ?’ असं विचारलं की माणूस अंदाजाने सांगतो. त्यापेक्षा ‘काल सकाळपासून काय काय केलं?’ असं विचारावं. सरकारचं वेळेच्या वापराचं राष्ट्रीय सर्वेक्षण असंच होतं. त्यात आदल्या दिवशी पहाटे ४ पासून २४ तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतात. मुलगा राजीखुशीने दाखवत असेल तर फोनमधला स्क्रीन टाइमही पाहता येतो. त्यात कोणतं अ‍ॅप किती वेळ उघडलं होतं, ते दिसतं.

‘का खेळतो? सुरुवात कशी झाली?’ हे फॉर्मवर कळत नाही. त्यासाठी मुलाखत. आठ-दहा जणच घ्यावेत, पण एकेकट्याशी, निवांत बोलावं. ‘पहिल्यांदा कुणाच्या फोनवर खेळलास?’ इथून गप्पा सुरू कराव्यात. मात्र दहा मुलाखतींवरून ‘गावातली ७० टक्के मुलं’ असं लिहू नये. मुलाखतीतून कारणं कळतात, गावाची टक्केवारी कळत नाही.

गटचर्चा तर आपल्या ओळखीची. आयांना काय वाटतं, गावात कसली काळजी आहे, हे तिथे छान निघतं. पण ‘माझ्या मुलाने हप्त्याचे पैसे घालवले’ हे भर बैठकीत कोण सांगेल? पैशांच्या नुकसानीसाठी चिठ्ठ्यांची पद्धत बरी. सगळ्यांना सारखा कागद द्यायचा, नाव लिहायचं नाही. ‘गेममध्ये पैसे गेले आहेत का? किती?’ एवढंच लिहून चिठ्ठी बंद डब्यात टाकायची. लिहिता न येणाऱ्यांसाठी हो-नाहीच्या खुणा ठेवाव्यात.

निरीक्षण हीसुद्धा पद्धत आहे. संध्याकाळी पारावर किंवा स्टँडवर किती मुलं खेळत बसतात, हे आठवडाभर ठरावीक वेळी मोजावं. फोटो, व्हिडिओ काढू नयेत.

मुलींना विसरू नका, हे मुलांना आवर्जून सांगा. बऱ्याच घरांत मुलीच्या हातात फोन येतो तो भावाचा किंवा वडिलांचा. त्यांच्यासमोर विचारलं तर ती ‘मी नाही खेळत’ म्हणणारच. तिला मुलीनेच, वेगळं बसून विचारावं.

आता अवघड गोष्ट. १८ वर्षांखालच्या मुलाला विचारण्याआधी पालकांची संमती घ्यावी आणि मुलाचीही. पण संमती दिली म्हणजे उत्तर ऐकायचा हक्क आपल्याला मिळाला, असं नाही. लेकाने काय सांगितलं, हे आपण विद्यार्थ्याला खोदून विचारायचं नाही. आईला कळणार, असं वाटलं की कुणीच खरं बोलत नाही. फक्त मुलगा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, तर ते लपवू नये. विद्यार्थ्याने लगेच शिक्षकांना आणि घरच्यांना सांगावं. असा अपवाद असेल, हे मुलाला सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मोफत सल्ला मिळतो.

आणि कुणाला ‘गेमचा व्यसनी’ असा शिक्का मारू नये. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार मानला आहे, पण तो ठरवायला खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, असं साधारण वर्षभर दिसावं लागतं. ते डॉक्टरांचं काम. विद्यार्थ्याने तास आणि रुपये लिहावेत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी फॉर्म घेऊन आलं की परत पाठवू नका. पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा : तुला नेमकं काय शोधायचं आहे? माझं नाव कुठे लिहिणार का? आणि अहवाल झाला की आमच्या बैठकीत वाचून दाखवशील का? तिसरा प्रश्न विसरू नका. आपल्या घरातली माहिती कॉलेजच्या कपाटात राहिली, तर तिचा गावाला काय उपयोग? ती बैठकीत आली, की पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू.