कुत्री सांभाळताय? आधी लस घ्या!

हल्ली नवरा-बायको दोघेही नोकरीवर गेले, की घरचा कुत्रा दिवसभर सांभाळायचा कोणी, हा प्रश्न पडतो. म्हणून पैसे घेऊन दुसऱ्यांची कुत्री सांभाळण्याचा व्यवसाय शहरांतून सुरू झाला आहे. आपल्याकडेही कोणी तसे मनात आणले असेल, तर जागा आणि भांडवल पाहण्याआधी त्याने रेबीजचा विचार करावा. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी सहसा वाचत नाही. लसीने मात्र तो टाळता येतो.

मालकाने व कामगारांनी कुत्रा चावण्याची वाट न पाहता आधीच लस घ्यावी. पहिल्या इंजेक्शननंतर ७ दिवसांनी दुसरे, २१ किंवा २८ दिवसांनी तिसरे. ही दंडात देतात. पोटातल्या इंजेक्शनांची भीती बाळगू नये. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

पुढे कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. लगेच दवाखाना गाठावा. आधी तिन्ही इंजेक्शने घेतलेल्यास त्या दिवशी एक व ३ दिवसांनी एक, एवढी दोनच पुरतात. महागडे सीरम लागत नाही.

कुत्रा ठेवून घेताना त्याचे लसीचे कार्ड पाहावे. कार्ड नसेल, तर गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी नाही म्हणावे. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. म्हणून जागा धुताना रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत.