चित्र अडखळते, ते आज्ञांच्या गठ्ठ्यापायी

संगणकावर गेम खेळताना चित्र अडखळले की दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो. मात्र नवे कार्ड आणूनही काही वेळा अडखळणे कायम राहते, कारण विलंब 'ड्रायव्हर' या सॉफ्टवेअरमध्ये होत असतो. गेमची प्रत्येक आज्ञा ड्रायव्हर लगेच कार्डाकडे धाडत नाही. तो आज्ञा 'कमांड बफर'मध्ये साठवतो आणि गठ्ठ्याने रवाना करतो. या रवानगीला 'फ्लश' म्हणतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे जावे लागते व प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. एकेका पत्रासाठी पोस्टात खेप घालण्यासारखाच हा प्रकार! उलट, गठ्ठा मोठा होईपर्यंत थांबावे तर कार्ड रिकामे बसते. म्हणून कार्ड मोकळे असल्यास लहान गठ्ठाही पाठवायचा आणि ते व्यग्र असल्यास साठवत राहायचे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. पण गेमने मध्येच तयार चित्र परत वाचायला मागितले, की साठा तत्काळ रवाना करून निकालाची वाट पाहावी लागते. सारी काटकसर तेथे वाया जाते.

फेब्रुवारी २०१६मध्ये आलेल्या 'व्हल्कन' प्रणालीने हा निर्णय ड्रायव्हरकडून काढून प्रोग्रामरवर सोपवला. बफर भरायचा त्यानेच आणि तो केव्हा पाठवायचा, हेही ठरवायचे त्यानेच.