वामनवृक्षांच्या भेटीला

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की आमची कुंभारी येते. पाऊस बेताचा, उन्हाळा मात्र सढळ हाताचा. अशा गावात झाडाची किंमत त्याच्या सावलीवरून ठरते. त्यामुळे गेल्या जानेवारीत पुण्यास एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातले बोन्साय, म्हणजे वामनवृक्ष, पाहायला निघालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, ज्याच्या सावलीत कोंबडीसुद्धा बसायची नाही, ते झाड काय कामाचे?"

प्रश्न बिनतोड होता! पण तिथे उथळ कुंडीतला हातभर उंचीचा वड पाहिला आणि दोघेही गप्प झालो. बुंधा मनगटाएवढा, पारंब्या मातीत उतरलेल्या. डोळे किलकिले करून पाहावे तर एखाद्या गावाबाहेरचा जुना पारच आठवावा.

झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, हा आपल्याकडचा समज मात्र साफ चुकीचा. उपाशी झाड खुजे होत नाही, मरते. याला खत लागते, ऊन लागते आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी. फांदीला तार गुंडाळून वळण देतात. ती सालीत रुतण्याआधी सोडवावी लागते. दर दोन-तीन वर्षांनी वाढलेली मुळे छाटून माती बदलायची. पाने लहान होतात, फळ मात्र आपल्या मूळ मापाचेच धरते!

ही कला चीनमधून जपानात गेली आणि तिथे घराण्यांनी ती जपली. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा एक पाइन १६२५ पासून कुंडीत वाढतो आहे. तेव्हा शिवछत्रपतींचा जन्मही व्हायचा होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो बागेच्या भिंतीआड वाचला. १९७६ साली यामाकींनी तो अमेरिकेला, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या देशालाच, भेट दिला. आणि बॉम्बची गोष्ट सांगितली नाही. २००१ मध्ये नातवंडे वॉशिंग्टनला झाड पाहायला गेली, तेव्हा तिथल्या माळ्यांना ती कळली.

आपल्याला जपानी पाइनची गरज नाही. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप तोडायला घरात कोणी धजत नाही; पावसाळ्यात तेच मुळासकट अलगद काढून कुंडीत लावावे. मे महिन्यात त्याला दुपारी आडोसा हवा, आणि लग्नकार्याला परगावी निघताना दोन वेळच्या पाण्यासाठी शेजारीणबाईंना सांगून जायला हवे.