आरसा धरणारा तुकडा

उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडायचा खेळ आपण सगळ्याच खेळलो आहोत. हात जरासा हलला की कवडसा आढ्यापर्यंत पळतो, कारण आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. आज त्या हाताबद्दल बोलू. कारखान्यात तो हात ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला ब्रॅकेट किंवा माउंट म्हणतात.

अकोल्याहून पूर्णेच्या गाडीत बसलं की वाशीमनंतर हिंगोली येते. त्या जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचा किरण आणि टोकाला आरसे. दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणारी लहर तिथे ओळखायची. मोठे आरसे काचेच्या धाग्यांवर टांगतात, पण किरण तिथवर नेणारे लहान आरसे आणि भिंगं टेबलावर माउंटमध्येच बसवतात. केसाची जाडी ०.०७ मिलिमीटर धरा. १० सेंटीमीटरच्या तुकड्याची एक बाजू तेवढीच उचलली गेली, तर चार किलोमीटरवर किरण साडेपाच मीटर सरकेल!

मग आरसा घट्ट आवळून टाकावा? तसं केलं तर काचेवर ताण येतो आणि ती किंचित वाकते. यावरचा उपाय आपल्या चुलीत आहे. तीन दगडांवर भांडं डुगडुगत नाही, चार पायांचा पाट मात्र अंगणात डुगडुगतो. म्हणून माउंटची पुढची पट्टी तीनच टोकांवर टेकवतात. बारीक आट्यांचा स्क्रू थोडा फिरवला की आरसा कणभर कलतो.

ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, शिवाय ते कापायला सोपं. खोड एकच, ते तापलं की वाढतं. मीटरभर पट्टी ३० अंशांनी तापली तर सुमारे ०.७ मिलिमीटर लांबते. साधी काच त्याच्या निम्मीही नाही. म्हणून काचेभोवती थोडी फट ठेवतात. अकोल्याचा मे महिना आठवा, म्हणजे कळेल!

माझी भाची आयटीआयत मशिनिस्ट ट्रेड शिकली. प्रवेशाच्या वेळी एकानं सुचवलं, 'पोरीला शिवणकाम द्या ना.' ती हटली नाही. तिचा पहिला तुकडा बिघडला. व्हाइसमध्ये फार आवळला होता. तिथे सपाट दिसला, सोडल्याबरोबर वाकला. पुन्हा केला, हलका धरून. ॲल्युमिनियम हत्याराच्या धारेला चिकटतं म्हणून मध्ये मध्ये रॉकेल सोडायचं, आणि दर खेपेला मायक्रोमीटरनं मोजायचं. मशीनवर बांगड्या, ओढणी, मोकळे केस चालत नाहीत. आजीनं रिकाम्या हातांवरून आठवडाभर कुरकुर केली. आता रविवारी बांगड्या घालते.

हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावीला गणित आणि विज्ञान हवं. अर्ज ऑनलाइन भरतात. गटात कुणाची लेक यंदा दहावीला असेल, तर निकालाआधीच जवळच्या आयटीआयत जाऊन तिला मशीन दाखवून आणा.