कळण्याच्या भाकरीतला उडीद

बिस्किटापासून पावापर्यंत हल्ली सगळ्यावर ‘हाय फायबर’ छापलेलं असतं. कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस ते वाचून पुडा उचलतो. पण फायबर कोणतं, हे पुड्यावर सहसा नसतं आणि खरा प्रश्न तोच आहे. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही. तो पोट साफ ठेवतो, कोलेस्टेरॉलवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ते काम विरघळणाऱ्या तंतूंचं. भेंडी चिरताना सुटणारी तार किंवा भिजवलेल्या इसबगोलाचा बुळबुळीत गोळा आठवा. आतड्यात तसाच चिकट थर होतो, पित्ताम्लं त्यात अडकतात आणि शौचावाटे जातात. एरवी त्यांतली बहुतेक यकृताकडे परततात. तूट भरायला यकृताला नवी बनवावी लागतात. त्यांचा कच्चा माल कोलेस्टेरॉलच, म्हणून यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेतं.

आता जळगाव-धुळ्याच्या ताटाकडे पाहू. ज्वारीच्या 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, पण बहुतांश न विरघळणारे. सालासकट उडदात एकूण तंतू याच्या जवळपास दुप्पट आणि विरघळणारेही जास्त. ज्वारीत अख्खे उडीद आणि खडेमीठ घालून दळलेला कळणा म्हणूनच नुसत्या ज्वारीपेक्षा सरस ठरतो. सोबत वांग्याचं भरीत असलं तर आणखी भर.

‘एवढ्याने काय होतं?’ हा आक्षेप रास्त आहे. 1999 साली 67 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. विरघळणाऱ्या तंतूंच्या दर ग्रॅममागे एलडीएल डेसिलिटरला सुमारे 2 मिलिग्रॅमने उतरलं. स्टॅटिनच्या गोळीने ते 30 ते 50 टक्के उतरू शकतं. म्हणजे भाकरी गोळीची जागा घेणार नाही. आनुवंशिक कोलेस्टेरॉल असेल तर मुळीच नाही. पण भाकरी रोजची आहे आणि तिच्यासाठी वेगळा खर्च नाही. ‘आमचे आजोबा कळणा खायचेच की, मग?’ असंही विचारलं जातं. खायचे, पण शेतात दिवसभर राबायचे. शेवभाजीवरची तेलाची तर्री आणि पामतेलातली शेव रोज खाऊन भाकरीकडून चमत्काराची अपेक्षा करणं चूक आहे. रक्तदाब असेल तर कळण्यातलं मीठही कमीच हवं.

गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि पुढचं दळण टाकाल तेव्हा त्यात उडीद घाला, सालासकट.