झाड लावणाऱ्या हाती पाण्याचा हिशेबही हवा

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून आलेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात शिरली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली आणि एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणवठ्यांवर तंटे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली शाळकरी मुले आज महाविद्यालयांच्या वर्गांत बसली आहेत.

याच पिढीने दुसरे टोकही पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात असा पाऊस कोसळला की, लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील गावांत एका रात्रीत पाणी शिरले. माणसे आणि जनावरे दगावली, आणि बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. एकीकडे रेल्वेने आलेले पाणी आणि दुसरीकडे घरात शिरलेले पाणी, या दोन अनुभवांमध्ये दहा वर्षांचेही अंतर नाही. हवामानबदल म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या तरुणांना पाठ्यपुस्तकातून शिकविण्याचे फारसे कारण उरलेले नाही.

साहजिकच या तरुणांकडून अपेक्षा वाढल्या आहेत. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांच्या रक्षणाची शपथ घेण्याचे आवाहन केले. युनिसेफच्या सहकार्याने तरुणांच्या हवामानकृतीचे उपक्रम राज्यात चालू आहेत. वृक्षारोपण, प्लॅस्टिकमुक्ती, सायकलफेरी, बंधाऱ्यावरचे श्रमदान हे कार्यक्रम आता महाविद्यालयीन वर्षाचे नेहमीचे अंग झाले आहे. त्यांची थट्टा करणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. ज्या लातूर जिल्ह्याची गणना राज्यातील सर्वांत कमी वनाच्छादनाच्या जिल्ह्यांत होते, तेथे एक झाड जगविणे हीदेखील मोठी गोष्ट होय. तथापि एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. या साऱ्या कृतीमुळे गावातील पाणी, पीक आणि पैसा यांविषयीचा एखादा तरी निर्णय बदलतो काय?

१९७४ चा प्रश्न आणि आजचा प्रश्न

मराठवाड्यातील तरुणांना सार्वजनिक प्रश्न हाती घेण्याची परंपरा नवी नाही. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत निजामी राजवटीतील विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडण्याची तयारी दाखविली. पुढे १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या असंतोषातूनच मराठवाडा विकास आंदोलन पेटले. सिंचन, रेल्वे, उद्योग, नोकऱ्या यांत या विभागाच्या वाट्याला काय आले, असा त्या आंदोलनाचा रोखठोक प्रश्न होता. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणात रुजला तो अशाच प्रश्नांमुळे.

तो प्रश्न अजून संपलेला नाही. परंतु त्याच्या जोडीला आता दुसरा प्रश्न उभा आहे: जे मिळाले, त्याचे आपण काय केले? पहिला प्रश्न मुंबईला विचारायचा होता, म्हणून तो विचारताना सारा विभाग एक होऊ शकला. दुसरा प्रश्न स्वतःच्या गावाला, स्वतःच्या भावकीला, प्रसंगी स्वतःच्या वडिलांना विचारावा लागतो. म्हणूनच तो अवघड आहे आणि म्हणूनच तो बहुधा वृक्षारोपणाच्या खड्ड्यात पुरला जातो.

आकडे काय सांगतात?

हा दुसरा प्रश्न साध्या अंकगणिताने मांडता येतो. पाटपाण्यावर घेतलेल्या उसाला वर्षाकाठी किमान दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, असे ढोबळमानाने धरले जाते. म्हणजे एका हेक्टरला दोन कोटी लिटर. या हिशेबाने पन्नास वाघिणींच्या एका गाडीतील पंचवीस लाख लिटर पाणी अवघ्या बारा गुंठे उसाची वर्षाची तहान भागवू शकले असते. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेचार लाखांहून अधिक होती. तेच पाणी साऱ्या शहरात वाटले तर माणशी साडेसहा लिटर येते.

आता एक काल्पनिक गाव घ्यावे. त्याचे शिवार एक हजार हेक्टर, लोकसंख्या दोन हजार आणि पाऊस लातूरच्या सरासरीइतका, म्हणजे सुमारे आठशे मिलिमीटर. या शिवारावर वर्षात आठशे कोटी लिटर पाणी पडते. माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने साऱ्या गावाला वर्षभर लागणारे पाणी होते चार कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या अर्धा टक्का. पाऊस निम्मा झाला तरी हे प्रमाण एक टक्क्यावर जाईल. गावाची वर्षाची ही गरज आणि दोन हेक्टर उसाची गरज सारखीच आहे. याच गावात पन्नास हेक्टर ऊस उभा असेल, तर त्याला गावाच्या पंचवीसपट पाणी लागेल. पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग वाहून जातो, बराचसा वाफ होऊन उडून जातो आणि बेसाल्टच्या कठीण खडकात फार थोडा मुरतो, हे खरेच. पण जो मुरतो त्याचे वाटप कोण आणि कोणत्या नियमाने करते, हा निसर्गाचा नव्हे, माणसांच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे.

आज ते वाटप बोअरची खोली करते. ज्याच्या हाती पैसा तो पाचशे, सातशे, हजार फूट खाली जातो. शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारी कर्ज काढून त्याहून खाली जातो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल जाणाऱ्या विहिरींवर शेती व उद्योगासाठी बंधन घातले आहे. कायदा कागदावर आहे आणि यंत्राची घरघर शिवारात आहे. अर्थशास्त्रात यास सामाईक संपत्तीचा पेच म्हणतात. प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते शहाणपणाचे असते आणि सर्वांचे मिळून होणारे वागणे आत्मघाताचे ठरते.

दोष कोणाचा?

येथे ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे ही पुस्तकी नीतिमत्ता झाली. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे कृषी मूल्य व किंमत आयोगानेच नमूद केले आहे. पण शेतकरी उसाकडे वळतो तो हौसेने नव्हे. उसाला रास्त व किफायतशीर दराचे कायदेशीर संरक्षण आहे, तो नेणारा कारखाना जवळ आहे आणि गारपिटीतही तो सहसा तग धरतो. याउलट सोयाबीनची गत पाहावी. २०२४-२५ च्या हंगामासाठी त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला. प्रत्यक्ष बाजारात मात्र शेतकऱ्याला कित्येक दिवस त्याहून पाच-सातशे रुपये कमी घ्यावे लागले. ज्या पिकाला पाणी कमी लागते त्याला भावाची हमी नाही आणि ज्याला पाणी अमाप लागते त्याला आहे. अशा स्थितीत ‘बाबा, ऊस लावू नका’ असे म्हणणाऱ्या मुलाला वडिलांनी ‘मग काय लावू ते सांग’ असे विचारले, तर शपथपत्रात त्याचे उत्तर सापडत नाही.

म्हणून तरुणांच्या हवामानकृतीचे मोल तिच्या उत्साहावरून ठरविता येणार नाही. या प्रश्नाचे आकड्यांनिशी उत्तर देण्याची आणि तेच आकडे घेऊन शासनाकडे ज्वारी, तूर, हरभरा यांच्या खात्रीच्या खरेदीची मागणी करण्याची तयारी हीच तिची कसोटी होय.

हिवरे बाजारचा धडा

हे स्वप्नरंजन नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ते तिशीच्या आतले वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर होते आणि त्यांना पुढे करण्यात गावातील तरुणांचा वाटा मोठा होता. रोजगारासाठी गाव सोडून जाणाऱ्यांचे ते गाव होते. तेथे चर खोदले गेले, झाडे लागली, चराई आणि कुऱ्हाड यांवर बंदी आली. एवढे कितीतरी गावांनी केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढच्या पायरीत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, आणि पावसाळा संपताच ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीची पिके ठरवायची, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. तेथील पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे लातूरच्या जेमतेम निम्मा.

सामाईक संपत्तीचा नाश अटळ नसतो. तिचे वापरकर्ते स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विवेचनात अशा नियमांसाठी काही अटी येतात. संपत्ती किती आहे याची सर्वांना माहिती हवी, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग हवा आणि त्यांच्या पालनावर देखरेख हवी. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या अटीसाठी शिकलेला, गावचा आणि गावाने विश्वासाने पाहावा असा माणूस लागतो. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत तो हजारोंच्या संख्येने बसलेला आहे.

महाविद्यालयांनी काय करावे?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. १९७२-७३ च्या दुष्काळाच्या सुमारास ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हेच तिच्या शिबिरांचे सूत्र होते. आजही तिच्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांच्या कामाची अपेक्षा असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर भरते. त्यातील काही तास पुढील कामांना द्यावेत. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी. गावातील ठराविक विहिरींची पातळी दिवाळीच्या सुमारास आणि मे महिन्यात मोजावी. पीकपाहणीच्या नोंदींवरून कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र आहे, ते काढावे. यातून तयार झालेला एक पानाचा ताळेबंद रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि चावडीवर लावावा. लातूरचा समावेश असलेल्या अटल भूजल योजनेतही गावोगावच्या जलअंदाजपत्रकाची कल्पना होतीच. बाहेरच्या यंत्रणेने केलेला हिशेब दप्तरात पडून राहण्याचा धोका असतो; गावच्या मुलामुलींनी केलेला हिशेब गावाला टाळता येत नाही.

पदवीच्या वर्गांत पर्यावरण हा विषय सक्तीचा होऊन बराच काळ लोटला. त्याचे प्रकल्प पुष्कळदा जुन्या वह्यांतून उतरविले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. ते विहिरीच्या काठावर मिळवायचे की झेरॉक्सच्या दुकानात, हे ठरविणे प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे.

यात मुलींचा वाटा विशेष असायला हवा. घरातील पाण्याचा खरा हिशेब आधीपासून त्यांच्याच डोक्यावर आहे. तो कागदावर आला तर ग्रामसभेत त्यांच्या बोलण्याला वजन येईल. भूमिहीन घरांतील विद्यार्थ्यांचेही तसेच. शिवारात त्यांचे बोअर नाही, पण गावच्या पाण्यावर त्यांचा हक्क आहे, ही गोष्ट ताळेबंदाच्या पहिल्याच ओळीत दिसते.

लातूरने ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला परीक्षेचे शास्त्र शिकविले. चिकाटी, सराव आणि अचूकपणा यांच्या जोरावर या भागातील मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोचली. नांदेडही त्याच वाटेने गेले. मात्र या यशाची दिशा बहुतेक वेळा गावाबाहेर जाणारी आहे. हाच अचूकपणा, थोड्या प्रमाणात का होईना, गावच्या विहिरीकडे वळला तर मराठवाड्याला त्याची फार गरज आहे.

अर्थात सारा भार तरुणांवर टाकून वडीलधाऱ्यांना मोकळे होता येणार नाही. बोअरची परवानगी देणारे, हमीभाव जाहीर करून खरेदी न करणारे, कारखान्यांची क्षमता वाढविणारे निर्णय विशीतल्या मुलांनी घेतलेले नाहीत. ताळेबंद मांडणे हे तरुणांचे काम. तो पाहिल्यानंतर नजर न चुकविणे हे इतरांचे. पुन्हा अवर्षण येईल, कारण ते या भूमीला नवे नाही. त्या वेळी मिरजेकडे पाहण्याआधी प्रत्येक गावाला आपल्या चावडीवरचा कागद पाहता आला पाहिजे. तो कागद लिहिण्याची सुरुवात येत्या रब्बीच्या आधी करता येईल.